न पाहिलेल्या सिनेमाचा राग

प्रिय ताई,

मी सव्वीस वर्षांची आहे. सिनेमा आणि मालिकांवर बोलणारं माझं एक खातं आहे. सुरुवातीला हौस होती, आता त्यातून थोडे पैसेही येतात. आमच्या समाजाला पडद्यावर एकतर दाखवतच नाहीत, नाहीतर दीनवाणं दाखवतात, हा माझा नेहमीचा विषय.

मागच्या वर्षी एका सिनेमाचा ट्रेलर आला. आमच्याच समाजातल्या आजी-नातीची गोष्ट. लेखिका-दिग्दर्शिका मात्र आमच्यातली नाही, आणि तिचा हा पहिलाच सिनेमा. ट्रेलरमध्ये आजी नातीला म्हणते, ‘आडनाव विचारलं तर सांगू नकोस.’ माझं डोकं सणकलं. त्याच रात्री मी अकरा भागांची पोस्ट लिहिली, ‘पुन्हा एकदा आमची लाज विकायला काढली आहे’ अशी सुरुवात करून. सकाळपर्यंत ती चाळीस हजार लोकांनी पुढे पाठवली होती. सिनेमा लागायच्या आधीच त्याला रेटिंगचा एकेक तारा पडायला लागला. दिग्दर्शिकेला लोक नको नको ते बोलले. आठवड्याभरात सिनेमा उतरला आणि तिने आपलं खातं बंद केलं.

या महिन्यात मी तो सिनेमा घरी, एकटीने पाहिला. ते आडनावाचं वाक्य मध्यंतरानंतर उलटून येतं. नात शाळेच्या फळ्यावर स्वतःचं आडनाव मोठ्या अक्षरांत लिहिते आणि वाचता न येणारी आजी त्यावरून बोट फिरवते. मी ढसाढसा रडले. एक गोष्ट मात्र अजूनही खटकते. आजीचं काम करणारी नटी आमच्यातली नाही, आणि मेकअप करून तिचा रंग काळवंडवला आहे.

आता काय करू? चूक कबूल केली तर आमच्यावर दात ठेवून असलेले लोक पेढे वाटतील, आणि माझी माणसं मला फितूर म्हणतील. दिग्दर्शिकेची माफी मागावी का? मी त्या समाजातली म्हणून लोकांनी माझं ऐकलं होतं; मग आता या विषयावर बोलायचा मला हक्क उरला का? आणि एक खरं सांगते. त्यानंतर मी शांतपणे जे काही लिहिलं, त्याकडे कुणी फिरकलं नाही. मला ती रात्र आठवत राहते.

– चाळीस हजारांची

*

प्रिय ‘चाळीस हजारांची’,

मूळ पत्रात तो आकडा तू चार ठिकाणी लिहिला होतास. छापताना मी एकच ठेवला. दिग्दर्शिकेचं नाव मात्र आठ पानांत कुठेच नव्हतं. हा टोमणा नाही. ते नाव तुला घेववलं नसावं, असं मला वाटतं, आणि ज्याला काहीच टोचत नाही तो असली आठ पानं लिहीत बसत नाही.

आधी उत्तर देते, बाकीचं मागाहून. हो, लिही. त्याच खात्यावर, त्याच नावाने, याच आठवड्यात. कसं लिहायचं त्यावर बोलू, कारण त्यात पाय घसरायच्या जागा बऱ्याच आहेत.

मी काही धुतल्या तांदळाची नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी एका साप्ताहिकात मी नाटकांची परीक्षणं लिहायचे. एका नाटकाच्या मध्यंतरात उठून घरी आले. पहिल्या अंकात बायकांबद्दल जे काही चाललं होतं ते ऐकून माझं टाळकं फिरलं होतं, आणि परीक्षणाचं पहिलं वाक्य मला मध्यंतराच्या आधीच सुचलं होतं. झकास वाक्य होतं, अजून पाठ आहे. परीक्षण गाजलं. चार महिन्यांनी एका कार्यक्रमात त्यातली नटी भेटली. भांडली नाही, काही नाही. एवढंच विचारलं, ‘दुसऱ्या अंकात मी जे केलं, ते कसं वाटलं तुम्हाला?’ मी म्हणाले, ‘छान.’ ती हसली. पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची रंगमंचावरून दिसते, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. ती चूक मी कधीच छापली नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग फार उशीर झाला म्हणून, आणि शेवटी साप्ताहिकच बंद पडलं म्हणून. तुझं खातं अजून चालू आहे.

त्या वाक्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. ते मध्यंतराआधीच कसं सुचलं? कारण ते आधीपासून तयारच होतं. त्याआधीच्या दहा नाटकांनी ते माझ्याकडून घडवून घेतलं होतं, अकराव्यावर फक्त चिकटवायचं राहिलं होतं. तुझे ते अकरा भाग काढून बघ. त्यातले किती या ट्रेलरबद्दल आहेत आणि किती आधीच्या वीस सिनेमांबद्दल? माझा अंदाज, दोन आणि नऊ. तुझा राग खोटा नव्हता. लहानपणापासून पडद्यावर आपली माणसं फक्त रडताना किंवा मार खाताना बघितलेल्या मुलीला राग येणार नाही तर काय होईल? पण वीस जणांची उधारी तू एकविसाव्याच्या नावावर लिहिलीस, आणि नेमका तोच थोडेफार पैसे फेडायला आला होता.

ट्रेलरचीही एक गोष्ट लक्षात घे. ट्रेलर बहुतेक वेळा दिग्दर्शक कापत नाही. ते काम जाहिरातीवाल्यांचं, आणि मोठ्या निर्मितीत तर त्यासाठी वेगळ्या कंपन्याच असतात. दोन तासांतलं सगळ्यात टोचणारं वाक्य शोधायचं, त्याच्या पुढचं-मागचं छाटायचं आणि लोकांच्या अंगावर सोडायचं. तू त्याच रात्री त्याच वाक्यावर नेमकं तेच केलंस. दोघांचा हेतू वेगळा, कात्री एकच.

आता तुझ्या पत्रातलं ते शेवटचं, हळूच सरकवलेलं वाक्य. शांत लिहिलं की कुणी फिरकत नाही. अगदी खरं आहे, आणि यात तुझ्या स्वभावाचा दोष कमी आणि यंत्राचा जास्त आहे. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ७,३३१ ट्विटर वापरकर्त्यांची १ कोटी २७ लाख ट्वीट त्यांनी तपासली होती. ज्यांच्या संतापाला जास्त लाइक आणि शेअर मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. यात अवाक होण्यासारखं काही नाही; टाळी पडली की नट तीच जागा पुन्हा घेतो. मला चपापायला लावलं ते पुढच्या निष्कर्षाने. टोकाच्या मतांच्या गोतावळ्यातले लोक मुळातच जास्त संतापलेले होते, पण शाबासकीने बदलण्याचं प्रमाण जास्त होतं ते मवाळ गोतावळ्यातल्यांत. म्हणजे तुझ्यासारख्यांत. ज्यांना हे सुरुवातीला जमत नव्हतं, त्यांनाच याची गोडी चटकन लागते.

ती रात्र तुला आठवते, त्यात गैर काही नाही. एरवी ज्या विषयावर बोललं की समोरचा जांभई देतो, त्या विषयावर चाळीस हजार लोक ‘हो’ म्हणाले. कुणाला आवडणार नाही? फक्त ते कशाला ‘हो’ म्हणत होते, ते एकदा नीट बघू या, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे.

तू लिहिलं होतंस की आमच्या माणसांना नीट दाखवा. त्याचा तारा झाला एक. पण ज्याला तुझ्या समाजातली माणसं पडद्यावर नकोच आहेत, त्यानेही एकच तारा दिला. ज्याला बायकांनी सिनेमा काढणं खपत नाही, त्याचाही एक. ज्याला त्या दिवशी नुसता कंटाळा आला होता, त्याचाही एक. ताऱ्याला कारण लिहायची जागा नसते. तुझा एक आणि तुझ्या वैऱ्याचा एक मिळून बेरीज दोनच होते, आणि ती बेरीज वाचणाऱ्याला दोघं एकाच बाजूचे दिसतात.

ही कल्पनेची भरारी नाही. २०१७ साली आलेल्या एका ‘स्टार वॉर्स’ सिनेमावर प्रेक्षक तुटून पडलेत, असं सगळीकडे बोललं जात होतं. मॉर्टन बे नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये त्या दिग्दर्शकाला उद्देशून केलेली ९६७ ट्वीट तपासली. त्यांतली नकारात्मक जेमतेम बावीस टक्के निघाली. त्यातही निम्म्याहून थोडे जास्त लिहिणारे एकतर बॉट होते, ट्रोल होते, नाहीतर सिनेमाच्या आडून आपलं राजकारण चालवणारे होते. सिनेमा खरंच न आवडलेले साधे प्रेक्षकही त्यात होते, नाही असं नाही, पण त्यांचा आवाज या कल्लोळात वेगळा काढता येत नव्हता. तुझ्या पोस्टमागे किती माणसं होती आणि किती यंत्रं, ते मला माहीत नाही, तुलाही कळायचा मार्ग नाही. पण मुंगीने वारूळ बांधावं आणि नागोबाने त्यात येऊन राहावं, हा प्रकार जुनाच आहे. वारूळ तुझं होतं.

याचा शेवट काय झाला? उद्या एखादी लेखिका तुमच्या समाजाची गोष्ट घेऊन निर्मात्याकडे जाईल. तो चाळीस हजार शेअर बघणार नाही, तुझे अकरा मुद्दे तर नाहीच नाही. तो बघेल की या विषयावरचा मागचा सिनेमा एका आठवड्यात उतरला. ‘असले विषय चालत नाहीत हो,’ असं म्हणून चहा मागवेल. तू ज्यांच्यासाठी भांडलीस, त्यांच्याच दाराला कडी लागली.

संकेतस्थळांनाही हे दुखणं उशिरा का होईना, कळलं. सिनेमांवरचे अभिप्राय गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ने फेब्रुवारी २०१९ मध्ये सिनेमा लागण्याआधी प्रेक्षकांनी टिप्पण्या करायची सोय काढून टाकली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे मोजायला सुरुवात केली. ॲमेझॉनने २०२२ मध्ये एका मोठ्या मालिकेवरचे प्रेक्षकांचे अभिप्राय ७२ तास रोखून धरले होते. उपाय तोकडे आहेत. पण न पाहता मत देणारे इतके झाले की पाहिलेल्याला पावती दाखवावी लागते, यावर काय बोलायचं!

‘मग काय, राग गिळून बसायचं?’ असं तू आत्ता म्हणत असशील. नाही. तसं सांगणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. ‘कलेत जात, धर्म, रंग, बाई-पुरुष आणू नका’ असं म्हणणाऱ्यांची ओळख कलेत आधीच इतकी मुरलेली असते की त्यांना ती ओळख वाटतच नाही. ते तिला ‘माणूस’ म्हणतात. २०१५ आणि २०१६, सलग दोन वर्षं ऑस्करच्या अभिनयाच्या चार विभागांतली वीसच्या वीस नामांकनं गोऱ्या कलाकारांना गेली. एप्रिल रेन या कृष्णवर्णीय लेखिकेने पहिल्या वर्षी एक हॅशटॅग सुरू केला, दुसऱ्या वर्षी तो पेटला, आणि जानेवारी २०१६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीला जाहीर करावं लागलं की २०२० पर्यंत स्त्रिया आणि वंचित गटांमधल्या सदस्यांची संख्या दुप्पट करू. तोही ऑनलाइन संतापच होता. पण तो कशावर होता बघ. वीसपैकी वीस. कुणीही मोजून पाहावं. आणि तो मतं देणाऱ्या संस्थेवर रोखलेला होता, एखाद्या नटाच्या कामावर नाही.

तुझ्या कामाचा भेद इथे आहे. पुष्कळ सिनेमांबद्दल बोलताना जो मुद्दा शंभर नंबरी असतो, तो एका सिनेमावर आदळला की बऱ्याचदा फुटतो. ‘बेकडेल चाचणी’ तुला माहीतच असेल. १९८५ मध्ये अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेकडेल यांच्या चित्रमालिकेतलं एक पात्र गमतीत म्हणतं की मी असाच सिनेमा बघते ज्यात निदान दोन बायका आहेत, त्या एकमेकींशी बोलतात, आणि पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलतात. गमतीची गोष्ट, पण पाचशे सिनेमांना लावून पाहिली की पोटात गोळा येतो. एकाच सिनेमाला लावली तर मात्र फारसं काही कळत नाही. एकटीच बाई असलेला थोर सिनेमा चाचणीत नापास होईल आणि दोन बायका भांड्यांच्या साबणाबद्दल बोलल्या की टुकार सिनेमा पास. तुझे ते नऊ भाग पाचशे सिनेमांवरचे होते, अंगठा मात्र एकाच सिनेमाच्या गळ्यावर होता.

आणि ओळखीचं राजकारण हे आजकालच्या पोरांनी परदेशातून आणलेलं फॅड आहे, असं जर तुला कुणी सुनावलं, तर त्याला १८८५ सालातलं एक पत्र वाचायला सांग. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांना पाठवलं होतं. जोतीरावांनी नकार कळवला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की जे लोक सगळ्या माणसांचे हक्क मानायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि त्यांच्या पुस्तकांशी आमचा मेळ बसणार नाही. आम्ही काय सोसलं ते त्यांना ठाऊक असणं शक्य नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर हा बहिष्कार होता आणि ओळखीवर बेतलेली समीक्षाही. पत्र कडक आहे, त्यात गोडीगुलाबी औषधालाही नाही.

मग ते पत्र आणि तुझी पोस्ट यांत फरक काय? रागाच्या मात्रेत नाहीच. जोतीरावांना ती पुस्तकं आणि ती माणसं दोन्ही पुरती माहीत होती. ते ज्याच्याशी बोलत होते त्याचं नाव-गाव समोर होतं आणि तो माणूस उलट उत्तर देऊ शकत होता. तो बलदंडही होता; एकटी, नवखी बाई नव्हता. आणि त्या पत्राआधी तीस वर्षं जोतीराव स्वतः लिहीत आले होते, म्हणजे ‘हे नको’ म्हणताना ‘हे हवं’चा ढीग त्यांच्या पाठीशी होता. तुझ्याकडून मी तीस वर्षांची मागणी करत नाहीये. पण सिनेमा बघायला दोन तास लागतात.

हक्काचा प्रश्न तू विचारलास, त्याचं उत्तर आता सोपं झालंय. ‘ज्याचं जळतं त्यालाच कळतं’ ही म्हण खरीच आहे. त्या सिनेमात तुला जे दिसेल ते मला दहा वेळा बघूनही दिसणार नाही. आजीने बोट फिरवलं तेव्हा तू रडलीस. मी कदाचित फ्रेमच्या रचनेबद्दल काहीतरी शहाणं लिहून मोकळी झाले असते. आपल्याकडे स्वानुभवाशिवाय लिहिता येतं का, दुसऱ्याच्या दुःखावर लिहायचा अधिकार कुणाला, यावर दलित साहित्याच्या निमित्ताने पन्नास-साठ वर्षं वाद झाले आहेत, आणि त्या वादांनी मराठी समीक्षेला बरंच शहाणं केलं. तेव्हा तुझा हक्क शाबूत आहे. गफलत वेगळीच झाली. तू त्या समाजातली आहेस म्हटल्यावर लोकांनी धरून चाललं की तू पाहून बोलतेयस. तुला त्यांनी साक्षीदार मानलं, आणि तू घटनास्थळी गेलीच नव्हतीस. ओळखीमुळे तुझ्या शब्दाला जास्त वजन मिळतं, म्हणून तो शब्द टाकण्याआधी इतरांपेक्षा जास्त पाहायची जबाबदारीही तुझ्यावर येते. अन्याय आहे का हा? आहे. बाकीचे न पाहता खुशाल बडबडतात. पण शिक्का तुझ्या हातात आहे, त्यांच्या नाही.

(आणि त्या चाळीस हजारांतल्या पुष्कळांना हा शिक्काच हवा होता. ‘त्यांच्यातलीच मुलगी म्हणतेय’ असं म्हटलं की त्यांना सिनेमा बघायचे कष्टही वाचतात आणि विचार करायचेही. त्यांच्या प्रेमाचा फार हिशेब ठेवू नकोस.)

आता लिहायचं कसं. जुनी पोस्ट काढून टाकू नकोस. ती पुसलीस तर नव्या पोस्टला अर्थ राहत नाही आणि तिचे स्क्रीनशॉट तसेही फिरत राहतील. तिच्या माथ्यावरच एक ओळ टाक की हे मी सिनेमा न पाहता लिहिलं होतं, आणि खाली नव्या पोस्टचा दुवा दे. नवी पोस्ट तेवढीच लांब असू दे. चूक अकरा भागांत आणि दुरुस्ती दोन ओळींत, असं वर्तमानपत्रं करतात, आपण करायचं नाही.

मेकअपबद्दलचा आक्षेप मुळीच मागे घेऊ नकोस. तो तू पाहून घेतलेला आहेस आणि तो रास्त आहे. माफीच्या भरात माणसं आपलं खरं मतही वाहून जाऊ देतात, मग सहा महिन्यांनी त्यांना त्या माफीचाच राग येतो. पण आता तो आक्षेप सिनेमाच्या आतून मांड. आजीच्या हातांची इतकी बारकाईने नोंद घेणाऱ्या दिग्दर्शिकेला तिचा चेहरा रंगवावासा का वाटला? हा प्रश्न मला तुझ्या जुन्या पोस्टमधल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोलाचा वाटतो, आणि तो सिनेमा पाहिल्याशिवाय सुचूच शकला नसता.

पेढे वाटणाऱ्यांबद्दल. ते वाटणारच. ‘बघा, वोक पोरीने कबुली दिली’ असा मथळा घालून व्हिडिओ करणारे टपून बसलेले असतात. संतापाविरुद्धचा संताप हाही आता चांगला चालणारा धंदा आहे. त्यांना रोखता येत नाही, पण एक युक्ती करता येते. चूक आणि कायम राहिलेला आक्षेप, दोन्ही एकाच वाक्यात बांध. म्हणजे असं काहीतरी: ‘या सिनेमाने आमची लाज विकली असं मी न पाहताच म्हणाले, ते साफ चूक होतं, आणि पाहिल्यावर मला जो खरा प्रश्न पडला तो त्या नटीच्या रंगवलेल्या चेहऱ्याचा आहे.’ हे वाक्य मधून कापलं तर कापल्याचं दिसतं. माझ्या शैलीत आहे, तुझ्या शैलीत बसव.

फितूर म्हणणाऱ्यांबद्दल मला तुझी जास्त काळजी वाटते, कारण ते तुझे आहेत. काही जण सोडून जातील, तयारी ठेव. पण ओरडणाऱ्यांवरून सगळ्यांचा अंदाज बांधू नकोस. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की ८० टक्के ट्वीट १० टक्के लोक लिहितात. उरलेले नव्वद टक्के वाचतात आणि बहुतेक वेळ गप्प असतात. तुझ्या समाजातलीही बरीच माणसं तो सिनेमा पाहून तुझ्यासारखीच एकट्याने रडली असतील आणि तुझी पोस्ट आठवून गप्प बसली असतील. तू बोललीस की त्यांतली एखादी तुला खाजगीत लिहील. उघड लिहिणार नाही. आपण ‘माझी माणसं’ म्हणतो तेव्हा या गप्प बसलेल्यांना मोजायचं विसरतो.

दिग्दर्शिकेची माफी मागच, पण चव्हाट्यावर नको. पोस्टमध्ये तिला टॅग करू नकोस. टॅग केलंस की पुन्हा तीच गर्दी तिच्या दारात, या वेळी ‘बिचारी’ म्हणत. निर्मिती संस्थेच्या पत्त्यावर एक छोटं पत्र पाठव. काय चुकलं, ते कुठे जाहीर लिहिलं आहेस, आणि फळ्याच्या प्रसंगात तू काय पाहिलंस. बास. तुला किती झोप लागली नाही, तुझ्यावर लहानपणी काय काय गुदरलं, हे त्यात नको. ते ऐकून घ्यायचं काम तिचं नाही. उत्तराची अपेक्षा लिहू नकोस, मनातही फार ठेवू नकोस. आणि मेकअपचा मुद्दा पत्रात काढू नकोस. तो तिला तुझ्या पोस्टमध्ये वाचता येईल, तिला हवं तेव्हा, वाचावंसं वाटलं तर.

तिने उत्तर दिलंच, आणि ते कडवट असलं, तर ते प्रसिद्ध करू नकोस. हे सांगावं लागतंय याबद्दल माफ कर, पण ‘बघा, माफी मागूनही मला काय ऐकावं लागलं’ अशी पोस्ट किती चालेल याचा अंदाज तुला माझ्याआधी येईल.

शेवटी ते न फिरकणाऱ्या लोकांचं. यावर माझ्याकडे तोडगा नाही. शांत लिहिशील तर आकडे पडतील, आणि त्यातून येणारे पैसेही. या खात्यावर तुझं पोट किती अवलंबून आहे ते तू लिहिलं नाहीस. बरंच असेल तर आधी दुसरी सोय बघ, कारण पैसे जिथून येतात तिथला सूर आपल्या आवाजात शिरतोच, कितीही नाही म्हटलं तरी. राग येणं थांबवू नकोस. पुढच्या वेळी ट्रेलरवर राग आला तर ट्रेलरवरच लिही, ‘हा ट्रेलर मला असा असा लागला, सिनेमा पाहून पुन्हा लिहीन’ म्हणून. आणि मग खरंच पुन्हा लिही. त्या दुसऱ्या पोस्टला चाळीस लाइक पडतील. मी त्यातला एक देईन. माझं खातं भाचीने उघडून दिलं आहे, अंगठा कुठे दाबायचा तेवढं कळतं.

पोस्ट टाकण्याआधी सिनेमा अजून एकदा बघ. पहिल्यांदा तू तो अपराधी मनाने पाहिलास, आणि अपराधी मनाला सगळंच थोर दिसतं. त्या फळ्याच्या प्रसंगाआधीची दहा मिनिटं कशी आहेत, ते मला कळव. तुझ्या पत्रात त्याबद्दल काहीच नाही, आणि मी तो सिनेमा अजून पाहिलेला नाही.

– ताई